‘तुम्ही’कडून ‘आपण’कडे : डेनिस जॉन्सन यांच्या व्यसनकथांतील सर्वनामविचार

१

अंमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या तरुणांविषयीच्या कथावाङ्मयाची चर्चा निघाली की ती बहुधा दोन ठराविक वाटांनी जाते. एक वाट नीतिविचाराची. असे वाङ्मय वाचकाच्या मनात व्यसनाविषयी तिटकारा उत्पन्न करते की आकर्षण, हा तिचा प्रश्न असतो. दुसरी वाट शुद्ध कलावाद्यांची. विषय कोणताही असो, घाट सिद्ध झाला की समीक्षकाचे काम संपले, अशी तिची भूमिका असते. ह्या दोन्ही वाटांनी जाणाऱ्यांच्या हातून एक साधा प्रश्न सुटतो. ह्या कथांत कोण बोलत आहे, कोणाशी बोलत आहे, आणि त्या बोलण्याचे व्याकरण काय आहे? प्रस्तुत लेखकाचे असे मत आहे की हा प्रश्न नीट विचारला तर नीतीच्या प्रश्नाचेही उत्तर काही अंशी त्यातूनच मिळते.

ह्या विवेचनासाठी अमेरिकन लेखक डेनिस जॉन्सन (१९४९–२०१७) यांचा ‘जीझस सन’ हा १९९२ साली प्रसिद्ध झालेला कथासंग्रह आधाराला घेतला आहे. संग्रहात अकरा छोट्या कथा आहेत. सर्वांचा निवेदक एकच, विशीतला, बहुतेक कथांत आयोवा राज्यात आणि आसपास भटकणारा एक तरुण आहे. त्याचे खरे नाव आपल्याला कोठेच कळत नाही. सोबती त्याला एका शिवराळ टोपणनावाने हाक मारतात. दारू, हेरॉईन, हाती लागतील त्या गोळ्या, भुरट्या चोऱ्या, इस्पितळे आणि तुटलेले संबंध हे त्याचे जग आहे. संग्रहाचे नाव ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ ह्या गायकवृंदाच्या १९६७ च्या ध्वनिमुद्रिकेतील, लू रीड यांनी रचलेल्या ‘हेरॉईन’ ह्या गीतातून घेतले आहे. स्वतः जॉन्सन तरुणपणी ह्या अंधारातून गेले होते. मात्र ह्या कथांना आत्मचरित्र समजून त्यांची पडताळणी करीत बसणे हा येथे उद्देश नाही.

२

व्यसनाधीन माणूस वाङ्मयात कोणत्या पुरुषात बोलतो, ह्याला महत्त्व आहे. जेम्स बॉल्डविन यांची ‘सनीज ब्लूज’ (१९५७) ही ह्या विषयावरील एक थोर कथा होय. तीतील सनी हेरॉईनच्या आहारी गेलेला आहे, पण कथा सांगतो तो त्याचा थोरला भाऊ, शाळेत बीजगणित शिकविणारा एक संसारी गृहस्थ. सनीच्या अटकेची वार्ता त्याला भुयारी रेल्वेत वर्तमानपत्रातून कळते. म्हणजे ह्या कथेत व्यसनी माणूस ‘तो’ आहे, आणि ‘मी’ ने त्या ‘तो’ पर्यंत कसे पोहोचावे हा कथेचा प्रवास आहे. वाचक थोरल्या भावाच्या बाजूला सुरक्षित उभा असतो.

आपल्याकडेही ह्या विषयाने प्रामुख्याने तृतीयपुरुषाचाच आश्रय घेतलेला दिसतो. अनिल अवचट यांचे ‘गर्द’ हे पुस्तक, तसेच १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राच्या निमित्ताने झालेले लेखन, ह्यांनी मराठी वाचकाला हे जग प्रथम जवळून दाखविले. ते लेखन सहृदय आहे, परंतु स्वभावतःच ते पाहणाऱ्याचे लेखन आहे. मुंबईच्या बोलीने तर ‘गर्दुल्ला’ असा एक शब्दच घडवून व्यसनी माणसाला कायमचा ‘तो’ करून टाकला. ‘मी गर्दुल्ला आहे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. तथापि ते सहजपणे उच्चारलेले कोणी ऐकले असेल असे वाटत नाही. हा शब्द दुसऱ्याविषयी बोलण्यासाठीच जन्मला आहे. नाक्यावरच्या तरुणाला कथेत ‘मी’ म्हणू देण्याचे धाडस भाऊ पाध्ये यांनी ‘वासूनाका’ (१९६५) मध्ये केले. त्या वेळचा वाद मात्र अश्लीलतेभोवतीच फिरत राहिला, आणि त्या ‘मी’ च्या व्याकरणाकडे पुरेसे लक्ष गेले नाही.

जॉन्सन यांच्या कथांत ‘मी’ आहे, एवढे सांगून भागत नाही. डी क्विन्सी यांच्या १८२१ च्या अफूविषयक कबुलीजबाबापासून इंग्रजीत असा ‘मी’ परिचित आहे. १९५३ साली विल्यम बरोज यांनी टोपणनावाने प्रसिद्ध केलेल्या ‘जंकी’ मध्येही तो भेटतो. पण डी क्विन्सींचा ‘मी’ विद्वान आहे, बरोज यांचा ‘मी’ कोरडा माहीतगार आहे. दोघांनाही आपण काय जाणतो ह्याची खात्री आहे. जॉन्सन यांच्या ‘मी’ चे वैशिष्ट्य असे की त्याच्या जाणण्यालाच तडा गेला आहे, आणि तो तडा त्याच्या क्रियापदांतून दिसतो.

३

संग्रहाची पहिली कथा वाटेत गाड्या थांबवून फुकट प्रवास करणाऱ्या निवेदकाच्या डोळ्यांसमोर घडलेल्या अपघाताची आहे. तिचा प्रारंभ वाक्याने होत नाही. ज्यांनी ज्यांनी त्याला गाडीत घेतले त्यांची केवळ यादी येते: दारू व गोळ्या वाटून घेणारा एक विक्रेता, एक चेरोकी गृहस्थ, हशिशच्या धुराने भरलेली एका विद्यार्थ्याची गाडी, आणि शेवटी मुलाबाळांसह निघालेले एक कुटुंब. ही नामे आहेत. त्यांना मुख्य क्रियापदाचा आधार नाही. जे पूर्ण विधान यावयाचे ते अपघाताचे. म्हणजे शेवट आधी सांगून टाकला आहे, आणि मग निवेदक आपल्याला मागे नेतो.

मागे गेल्यावर तो काय सांगतो? आपल्याला हे सारे आधीच ठाऊक होते, असे. कोणती गाडी थांबणार हे ती थांबण्यापूर्वी त्याला कळले होते. आतल्या माणसांच्या गोड आवाजांवरून पुढे काय वाढून ठेवले आहे हेही. आणि तरीही तो गाडीत बसला. हे भविष्यज्ञान खरे की नशेतील भास, ह्याचा निवाडा कथा करीत नाही. येथे दोन ‘मी’ एकमेकांवर बसलेले आहेत. एक, पावसात भिजत उभा असलेला. दुसरा, पुष्कळ वर्षांनी सांगत असलेला. सांगणाऱ्याला शेवट ठाऊक असणे हे भूतकाळी निवेदनाचे सामान्य लक्षण होय. जॉन्सन यांनी एवढेच केले की सांगणाऱ्याचे ते ज्ञान भिजत असलेल्या तरुणाच्या डोक्यात घातले. निवेदनाचे व्याकरण हेच पात्राचे दुखणे झाले. ज्याला सर्व ठाऊक होते आणि ज्याने काहीच केले नाही, अशा माणसाच्या अपराधाचे इतके नेमके रूप प्रस्तुत लेखकाला अन्यत्र क्वचितच आढळले आहे.

‘इमर्जन्सी’ ह्या कथेत ह्याच्या अगदी उलट टोक दिसते. काळ १९७३ चा. निवेदक एका इस्पितळाच्या तातडीच्या विभागात कारकून आहे. तेथील सेवक जॉर्जी औषधांच्या कपाटातील गोळ्या पळवून दोघांची सोय करतो. एका रात्री डोळ्यात शिकारीचा सुरा रुतलेला एक मनुष्य स्वतःच्या पायांनी चालत येतो. सुरा त्याच्या बायकोने खुपसलेला असतो. डॉक्टर तज्ज्ञांना बोलाविण्याच्या धांदलीत असताना नशेत तर्र झालेला जॉर्जी तो सुरा सहज काढून आणतो. पुढे दोघे गाडीतून भटकतात. एक ससाण त्यांच्या गाडीखाली येते. तिच्या पोटातील पिल्ले जॉर्जी वाचवितो, आणि ती सांभाळावयास दिली असता निवेदकाच्या विसराळूपणाने ती चिरडून मरतात. बर्फ पडू लागते, आणि उघड्यावरचे एक ओसाड चित्रपटगृह निवेदकाला सैनिकांची दफनभूमी भासते.

ह्या कथेत पहिल्यापासून ‘बहुधा’, ‘वाटते’ असे संशयदर्शक शब्द पेरलेले आहेत. ऐन मध्यावर तर निवेदक थबकून म्हणतो की बर्फ पडले तो दिवस कदाचित हा नव्हेच. पिल्ले मेली ती वेळ कदाचित निराळी. मराठी भाषांतरकाराला येथे ‘पडले’, ‘पडले असावे’ आणि ‘पडले असेल’ ह्यांतून प्रत्येक वाक्यागणिक निवड करावी लागेल. आपल्या क्रियापदव्यवस्थेत ही सोय विपुल आहे, म्हणूनच धोकाही अधिक आहे. सर्वत्र ‘असावे’ लिहिले तर निवेदक शंकेखोर पंडित वाटू लागेल. सर्वत्र ‘पडले’ लिहिले तर तो भरवशाचा साक्षीदार होईल. मूळात तो ह्या दोहोंपैकी कोणीही नाही. घटना खऱ्या आहेत, त्यांचा क्रम तेवढा हरवला आहे. आणि क्रम हरवला की कारणही हरवते. कोणत्या कृत्यामुळे कोणाचे नुकसान झाले हे सांगता येईनासे होणे, हा व्यसनाचा नैतिक परिणाम येथे उपदेशाचा एकही शब्द न वापरता मांडला गेला आहे.

४

आता द्वितीयपुरुषाकडे वळू. अपघाताच्या कथेत, नवरा मरण पावल्याचे कळताच एक स्त्री इस्पितळात किंचाळते. ती किंकाळी ऐकून निवेदकाला विलक्षण आनंद होतो. तसा अनुभव आपण पुढे सर्वत्र शोधीत राहिलो, असे तो सांगतो. वाचकाला ह्या ठिकाणी शिसारी येते, आणि ती यावी असाच लेखकाचा हेतू दिसतो. मग कथा एकाएकी काही वर्षे पुढे, सिअ‍ॅटल येथील इस्पितळाच्या व्यसनमुक्ती कक्षात जाते. तेथे निर्जीव वस्तूही निवेदकाशी बोलू लागलेल्या असतात. आणि शेवटच्या वाक्यात तो अकस्मात वाचकांकडे वळून, त्यांना हास्यास्पद ठरवून, आपल्याकडून मदतीची अपेक्षा केल्याबद्दल त्यांना झिडकारतो. कथेचा अखेरचा शब्द द्वितीयपुरुषी सर्वनाम आहे.

ह्या ‘तुम्ही’ चा रोख कोणावर? ज्याच्या कुशीत अपघातातले तान्हे मूल होते आणि ज्याच्या हातून कोणासाठीही काही झाले नाही, तो हे बोलत आहे. आजवर वाचक त्याच्याकडे पाहत होता. आता पाहणाऱ्यालाच ओढून अपघातस्थळी आणले आहे. एखाद्याच्या दुःखाची कथा आपण कशासाठी वाचतो? त्या किंकाळीने निवेदकाला जे मिळाले, त्याहून आपल्याला ह्या कथेतून मिळणारे सुख सर्वस्वी भिन्न आहे काय? प्रश्न अप्रिय आहे, पण तो केवळ एका सर्वनामाच्या बळावर उभा आहे.

हे संबोधन संग्रहात पुन्हा दोन महत्त्वाच्या ठिकाणी येते. ‘डंडन’ ह्या चौथ्या कथेत निवेदक अफू मिळविण्यासाठी एका शेतघरावर जातो. तेथे डंडनने एकाला गोळी घातलेली असते. जखमीला गाडीतून इस्पितळाकडे नेत असता तो वाटेतच मरतो. शेवटी निवेदक विचारतो: ह्या डंडनच्या अंतःकरणात दया होती असे सांगितले तर पटेल काय? आणि पुढे सुचवितो की डाख देण्याची तापलेली सळई तुमच्याही मेंदूतून फिरविली तर तुमचाही असाच मनुष्य होऊ शकेल. पहिल्या कथेतील ‘तुम्ही’ पलीकडच्या तीरावर उभे होते. हे ‘तुम्ही’ त्याच तीरावर येऊ शकणारे आहेत.

‘वर्क’ ह्या पाचव्या कथेत निवेदक आणि वेन नावाचा सोबती एका पडक्या घराच्या भिंतींतून तांब्याची तार काढून विकतात. ते घर वेनचेच होते हे मागाहून कळते. मिळालेल्या पैशांची दारू पिताना, मापाकडे न पाहता पेला काठोकाठ भरणारी मद्यगृहातील स्त्री निवेदकाला आठवते, आणि कथेच्या अखेरीस तो थेट तिलाच उद्देशून बोलतो. तिच्या वाट्याला पुढे येणारी मारहाण आणि एकटेपण तो जणू पाहत आहे. आणि तरीही तिला तो आपली आई म्हणतो.

इंग्रजीत ह्या तिन्ही ठिकाणी शब्द एकच आहे. जुना एकवचनी भेद प्रमाण इंग्रजीतून लोपल्यामुळे त्या भाषेला दुसरा इलाज नाही. मराठीत मात्र तीन निराळे निर्णय घ्यावे लागतात. पहिले संबोधन समूहाचे, म्हणून ‘तुम्ही’ अपरिहार्य. दुसरे एकट्या वाचकाशी केलेले. तेथे ‘तुमच्या’ लिहिले तर परक्याविषयीचा अदबशीर दुरावा राहतो, आणि त्या अदबीत सळईची कल्पना अधिकच भयानक होते. तिसऱ्या ठिकाणी ‘तू’ हाच एक पर्याय, कारण आपण आईला ‘तू’ म्हणतो. मूळात जे वाचकाने ओळखावयाचे, ते मराठीत व्याकरणाने उच्चारावे लागते. भाषांतर हे समीक्षेचे साधन कसे होते ते अशा जागी दिसते. निर्णय घ्यावा लागला म्हणून आपल्याला कळले की ‘तुम्ही’ पासून ‘तू’ पर्यंत निवेदकाने काही अंतर तोडले आहे.

५

संग्रहाची शेवटची कथा ‘बेव्हर्ली होम’. स्थळ ॲरिझोनातील फीनिक्स. निवेदक आता नशामुक्त आहे. वृद्ध आणि अपंग यांच्या एका निवासात अर्धवेळ नोकरी करतो, तेथील वार्तापत्र लिहितो आणि रहिवाशांना हाताने स्पर्श करीत फिरतो, कारण तो त्याच्या कामाचाच भाग आहे. तो संत झालेला नाही. येताजाता एका मेनोनाइट दांपत्याच्या खिडकीशी चोरून उभा राहण्याची त्याला खोड लागली आहे, आणि त्यामागचा हेतूही शुद्ध नाही. पण एका रात्री त्याला जे दिसते ते अपेक्षेबाहेरचे असते. भांडणानंतर नवरा बायकोपुढे गुडघे टेकून तिचे पाय धुतो. निवेदक काचेबाहेर असल्यामुळे हे सारे शब्दांवाचून घडते. अकरा कथांत इतके बोलणाऱ्या माणसाला क्षमेचे दृश्य मुके दिसावे, ही योजना लक्षात घेण्याजोगी आहे.

कथेचे आणि संग्रहाचे अखेरचे वाक्य त्या निवासाविषयी आहे. अशा माणसांनाही कोठे थारा असू शकेल ह्याची चकित जाणीव, हा त्याचा आशय. आणि त्याचा शेवटचा शब्द प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम आहे. पहिली कथा ‘तुम्ही’ वर संपते, शेवटची ‘आम्ही’ वर, की ‘आपण’ वर?

इंग्रजी वाचकाला हा प्रश्न पडत नाही. मराठी वाचकाला तो टाळता येत नाही. श्रोत्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि श्रोत्याला सामावून घेणारे ‘आपण’ हा भेद आपल्या भाषेत रूढ आहे. तो द्रविड भाषांच्या सान्निध्याने आला असावा असे अनेक अभ्यासक मानतात. प्रस्तुत लेखकाने हे वाक्य पदव्युत्तर वर्गात भाषांतरासाठी दिले, तेव्हा वर्गाचे सरळ दोन तट पडले. ‘आमच्यासारख्या’ म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद भक्कम होता. निवासातील अपंग, वृद्ध आणि व्यसनातून उठलेला निवेदक ह्यांचाच हा समूह. सुस्थित वाचकाने त्यात घुसणे हा आगंतुकपणा होय. दुसऱ्या बाजूच्या एका विद्यार्थ्याने एवढेच सांगितले, “सर, ‘आमच्यासारख्या’ लिहिले की मी पुन्हा बाहेर राहतो. सगळे पुस्तक वाचूनही बाहेरच.” त्या दिवशी मी पहिल्या बाजूने कौल दिला होता.

आज मला तो कौल चुकीचा वाटतो, आणि त्याचे कारण भाषिकच आहे. ‘आपण’ हे सर्वनाम केवळ समावेशक नाही. ते स्वतःविषयी बोलतानाही येते. “आपल्यासारख्यांना कोण विचारतो!” असे मनाशी म्हणणारा मनुष्य समोरच्याला आपल्या दुर्दैवात ओढीत नसतो, तो स्वतःच्याच शेजारी बसून बोलत असतो. मुंबईच्या नाक्यावरचा तरुण तर फुशारकीनेही स्वतःला ‘आपण’ म्हणवितो. तेव्हा ‘आपल्यासारख्या’ ह्या रूपात आत्मसंवाद आणि समावेश ह्या दोन्ही शक्यता एकत्र नांदतात. वाचकाला आत येण्याची सक्ती नाही, मनाईही नाही. मूळ इंग्रजी शब्दातील संदिग्धता ‘आम्ही’ ने नष्ट होते. ‘आपण’ ने ती वेगळ्या रीतीने टिकते.

६

ह्या कथांवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की जॉन्सन मुळात कवी असल्यामुळे त्यांचे गद्य नशेच्या क्षणांना अवास्तव सौंदर्य देते. सौंदर्य आहे हे नाकारता येत नाही. परंतु ते सौंदर्य प्रत्येक वेळी कोणाच्या तरी नुकसानीला लगटून येते: चित्रपटगृहातील देवदूतांच्या दृश्याला मेलेल्या पिल्लांचे, आणि तारेच्या कमाईच्या सुखाला वेनच्या मोडलेल्या घराचे. ‘आउट ऑन बेल’ मध्ये निवेदक आणि जॅक हॉटेल एकाच हेरॉईनची वाटणी करतात. दोघांनाही ते अति होते. एक वाचतो, दुसरा मरतो, आणि वाचण्याचे कोणतेही कारण दिले जात नाही. आकर्षण उत्पन्न करणाऱ्या लेखकाने एवढी किंमत कथेत मांडली नसती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो मला पूर्णपणे खोडून काढता येत नाही. ह्या संग्रहातील स्त्रिया बहुतांशी ‘ती’ च राहतात. ‘डर्टी वेडिंग’ मधील मिशेलचा गर्भपात आणि पुढे तिचा मृत्यू निवेदकाच्या दुःखाचे निमित्त होतात; तिला स्वतःची बाजू मांडावयास मिळत नाही. मद्यगृहातील स्त्रीला ‘तू’ लाभते, ते आई म्हणून. अपघातातील विधवेला तर केवळ किंकाळी. शेवटच्या ‘आपण’ मध्ये ह्या स्त्रिया आहेत काय, ह्याचे उत्तर संग्रह देत नाही. निवेदक तसा आहे म्हणून कथा तशा आहेत, हा बचाव अर्धाच खरा आहे, कारण निवेदकाच्या इतर अंधत्वांना कथा ज्या रीतीने उघडे पाडते, तसे ह्या अंधत्वाला पाडीत नाही.

७

व्यसनाविषयीच्या कथेने वाचकाला सावध करावे की नाही, हा प्रश्न आपल्या वर्गांत यापुढेही विचारला जाईल, आणि तो विचारणाऱ्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. वर्गातील एखाद्या बाकावर, ज्याच्या घरी हा विषय पुस्तकातला नाही, असा विद्यार्थी बसलेला असू शकतो. त्याच्यापुढे आपण ‘ते व्यसनी लोक’ असे बोलू लागलो की त्याने काय ऐकले असेल ह्याचा विचार शिक्षकाने अवश्य करावा. जॉन्सन यांच्या कथांनी मला तरी एवढे शिकविले की ‘ते’ हे सर्वनाम निरुपद्रवी नाही. माझ्या वर्गातील त्या विद्यार्थ्याला ‘बाहेर’ ह्या शब्दाने आणखी काही सांगावयाचे होते काय, हे मी त्या वेळी विचारले नाही. पुढील सत्रात ते वाक्य पुन्हा भाषांतरासाठी द्यावयाचे आहे. तेव्हा कौल देण्यापूर्वी थांबावे असे ठरविले आहे.